गाडीतला फ्यूज बॉक्स नेमका कुठे दडलेला असतो?

आषाढातल्या एखाद्या दुपारी पणजीहून बेळगावला निघालेली मोटार साखळी, केरी मागे टाकून चोर्ला घाट चढू लागते. धुके उतरलेले असते आणि पावसाची झड थांबण्याचे नाव घेत नाही. अशा वेळी समोरच्या काचेवर फिरणारे दोन्ही वायपर अर्ध्यावर येऊन अचानक थबकतात. चालक दांडी वर-खाली करून पाहतो, बंद करून पुन्हा सुरू करतो. काहीच घडत नाही. इंजिन व्यवस्थित चालू असते, दिवे लागत असतात, एसी थंड हवा देत असतो. फक्त वायपर हलत नाहीत आणि त्यांच्याविना पुढचे वळण दिसत नाही. मोबाईलला रेंज नसते. गाडी सुरक्षितपणे कडेला घेऊन पाऊस ओसरण्याची वाट पाहणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

वास्तविक या बिघाडाचे मूळ चालकाच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर असण्याची शक्यता बरीच असते. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, प्लास्टिकच्या एका झाकणामागे, बोटाच्या पेराएवढा एक फ्यूज उडालेला असतो आणि पुष्कळदा त्याच पेटीत त्याची जागा घेऊ शकणारा राखीव फ्यूजही बसवलेला असतो. तो बदलायला पाच मिनिटे पुरतात. पण गाडी घेऊन चार वर्षे झाली, तरी ती पेटी कुठे आहे हेच अनेक वाहनधारकांना ठाऊक नसते. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये, तिच्या मूळ पिशवीत, विम्याच्या कागदांखाली पडून राहिलेली असते.

पूर्वीच्या चालकांवर ही वेळ सहसा येत नसे. अॅम्बेसेडरसारख्या गाडीत फ्यूज बोटांवर मोजण्याइतकेच असत, तेही काचेच्या नळीतले आणि बॉनेट उघडताच नजरेस पडणारे. आजच्या मध्यम किमतीच्या गाडीतही काचा, आरसे, कुलपे, कॅमेरा, स्क्रीन, एअरबॅग, स्टिअरिंग असे सारे काही विजेवर चालते. त्यामुळे फ्यूजची संख्या कित्येक डझनांवर गेली आणि त्यांना सामावून घेण्यासाठी एकाऐवजी दोन, काही गाड्यांत त्याहून अधिक पेट्या आल्या. त्यांपैकी बॉनेटखालची पेटी शोधावी लागत नाही. प्रवाशांच्या बाजूची, म्हणजे गाडीच्या आतली पेटी मात्र डॅशबोर्डची शोभा बिघडू नये म्हणून मुद्दाम झाकलेली असते.

फ्यूज रक्षण कोणाचे करतो?

पेटी शोधण्यापूर्वी तिच्यात काय असते, हे समजून घेतलेले बरे. फ्यूज म्हणजे विद्युतमंडळात जाणूनबुजून ठेवलेला सर्वांत कमकुवत दुवा. जुन्या घरांतील चिनी मातीच्या ‘किटकॅट’मध्ये जी बारीक तार बांधली जाई, तिचेच हे मोटारीतले रूप. पारदर्शक किंवा रंगीत प्लास्टिकच्या टोपीत दोन चपटी पाती आणि त्यांना जोडणारी जस्ताची बारीक पट्टी, एवढीच त्याची रचना. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते, तर तारेतले तांबे १,०८५ अंशांना. मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की पट्टी तापते, वितळते आणि प्रवाह तुटतो. या पात्यांच्या फ्यूजची चाल १९७६मध्ये अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने पाडली आणि पुढे काचेच्या नळ्या मोटारींतून हद्दपार झाल्या.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. फ्यूज हा रेडिओचे, वायपरच्या मोटरचे किंवा मोबाईल चार्जरचे रक्षण करण्यासाठी असतो, असे बहुतेकांना वाटते. त्याचे मुख्य काम तारेचे रक्षण करणे हे आहे. गाडीतील तारा गालिच्याखालून, फोमच्या अस्तरामागून, छताच्या कापडाआडून गेलेल्या असतात. एखादी तार तापून तिचे आवरण वितळले, तर लगत जळण्याजोगे पदार्थ भरपूर असतात आणि ते ठिकाण चालकाला दिसतही नाही. तारेवर ती वेळ येऊ नये म्हणून तिच्याआधी वितळण्याची जबाबदारी फ्यूजवर सोपवलेली असते. ही गोष्ट लक्षात राहिली, तर पुढच्या साऱ्या सूचना आपोआप उमगतात.

फ्यूजवर छापलेला आकडा अँपिअरचा असतो. पण प्रवाह त्या आकड्याला स्पर्श करताच फ्यूज उडतो, असे नव्हे. या जातीच्या फ्यूजची सर्वसाधारण मोजपट्टी अशी : १० अँपिअरच्या फ्यूजने ११ अँपिअरचा प्रवाह निदान शंभर तास सोसला पाहिजे, साडेतेरा अँपिअरला तो जास्तीत जास्त दहा मिनिटांत तुटला पाहिजे आणि २० अँपिअरला पाच सेकंदांच्या आत. म्हणजे किंचित जादा भार तो सहन करतो, दुप्पट भाराला मात्र क्षमा नाही.

कुठे शोधावा?

भारतात स्टिअरिंग उजवीकडे असते. त्यामुळे शोधाची सुरुवात उजवीकडूनच करावी. येथील रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य छोट्या आणि मध्यम गाड्यांत आतला फ्यूज बॉक्स चालकाच्या बाजूला, स्टिअरिंगच्या खाली किंवा उजव्या हाताला, डॅशबोर्डच्या खालच्या कडेजवळ असतो. मारुती सुझुकीच्या अनेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या पोटाशी, पॅडलांच्या वरच्या बाजूस असतो. काही मॉडेलांत त्यावर वेगळे झाकण नसते, खाली वाकून वर पाहिले की रंगीबेरंगी फ्यूजच्या ओळी थेट दिसतात. ह्युंदाईच्या गाड्यांत बहुधा त्याच परिसरात, पण चालकाकडे तोंड केलेले एक चौकोनी झाकण असते. झाकणाच्या कडेला बोट किंवा नख अडकेल एवढी खाच ठेवलेली असते. त्या खाचेतून झाकण आपल्याकडे ओढले की क्लिपा सुटतात.

काही गाड्यांत ही पेटी सुट्या पैशांसाठी दिलेल्या छोट्या कप्प्यामागे लपवलेली असते. कप्पा पूर्ण उघडून किंचित जोराने आपल्याकडे ओढला की तो बाहेर येतो आणि मागे फ्यूज दिसतात. तो ओढताना काहीतरी मोडते आहे असे वाटण्याजोगा आवाज होतो. बहुधा तो क्लिपांचाच असतो. तरीही माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय जोर लावू नये. प्लास्टिकचे दात एकदा तुटले की कप्पा खड्ड्याखड्ड्याला खडखडत राहतो.

युरोपीय घडणीच्या काही गाड्यांत आणखी एक गंमत आढळते. दरवाजा बंद असताना पेटी दिसतच नाही. चालकाचा दरवाजा उघडल्यावर डॅशबोर्डची जी उभी कड उघडी पडते, तिच्यावरच एक झाकण असते. ज्यांनी खाली वाकून, टॉर्च मारून अर्धा तास शोध घेतला, त्यांची ती वस्तू दार उघडताच समोर उभी असते.

यापैकी कोठेच पेटी सापडली नाही, तर मोर्चा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सकडे वळवावा. याचे कारण मोटारींच्या जन्मकथेत आहे. जगातील बहुतेक देशांत स्टिअरिंग डावीकडे असते. तिकडे चालकाच्या बाजूला बसवलेली पेटी उजव्या स्टिअरिंगची आवृत्ती काढताना हलवायची, तर तारांचा अख्खा जुडगा नव्याने आखावा लागतो. तो खर्च टाळण्यासाठी काही कंपन्या पेटी होती तिथेच ठेवतात. मग ती आपल्याकडे प्रवाशाच्या बाजूला येते. काही फ्रेंच गाड्यांच्या उजव्या स्टिअरिंगच्या आवृत्तीत ग्लोव्ह बॉक्स विलक्षण चिमुकला असण्याचे कारण हेच. त्याची निम्मी जागा फ्यूज बॉक्सने बळकावलेली असते. अशा गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून, त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हातांनी आत दाबाव्या लागतात. अडसर सुटले की तो नेहमीपेक्षा अधिक खाली झुकतो आणि मागची जागा मोकळी होते. काही ठिकाणी एक-दोन स्क्रू काढावे लागतात. ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूला दोरीसारखा एक आधार असेल तर तो आधी अलगद सोडवावा.

शोधताना एक खूण उपयोगी पडते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीला संगणक जोडण्यासाठी वापरतात ते ओबीडीचे सोळा पिनांचे सॉकेट बहुधा चालकाच्या पायांवरच्या भागात असते. ते सापडले तर आसपासच फ्यूज बॉक्स असण्याचा संभव चांगला असतो. मात्र दोहोंत गल्लत करू नये. त्या सॉकेटमध्ये हाताने करण्यासारखे काहीच नसते.

पोहोचायचे कसे?

जागा कळणे आणि तिथे हात पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालकाच्या आसनावर बसून पुढे वाकले, तर स्टिअरिंग आडवे येते आणि मान अवघडते. त्यापेक्षा गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन आणि सर्व उपकरणे बंद करावीत, किल्ली काढून घ्यावी किंवा बटणावर चालणारी गाडी पूर्णपणे बंद करावी. आसन शेवटपर्यंत मागे सरकवावे, दार सताड उघडावे आणि गाडीबाहेर गुडघ्यांवर बसून डोके आत घालावे. पावसाळ्यात हे आसन सुखावह नसते, हे खरे. रस्त्याच्या कडेला हे करायचे असेल, तर उजवे दार वाहतुकीच्या बाजूला उघडते, याचे भान ठेवावे. घाटातल्या वळणावर, धुक्यात, हा उद्योग करूच नये. धोक्याचे दिवे लावून गाडी आधी हॉटेलच्या अंगणात किंवा रुंद कडेला न्यावी.

मान घालण्याइतकीही जागा नसेल, तर मोबाईल कामी येतो. फ्लॅश चालू करून फोन डॅशबोर्डखाली धरावा आणि वरच्या दिशेने दोन-तीन छायाचित्रे काढावीत. मग बाहेर बसून, ती मोठी करून, कुठला फ्यूज कुठल्या ओळीत आहे ते निवांत पाहता येते. हेच छायाचित्र फ्यूज काढण्यापूर्वीची नोंद म्हणूनही उपयोगी पडते. दोन फ्यूज एकाच वेळी काढून कोणता कुठला हे विसरणे, ही या कामातील सर्वांत सामान्य चूक आहे.

झाकणाच्या आतल्या बाजूस बहुधा नकाशा चिकटवलेला असतो. तो पाहून अनेकांची उमेद खचते, कारण त्यावरची इंग्रजी अक्षरे एखाद्या गुप्त लिपीसारखी असतात. थोडा सराव केला की ती उलगडतात. ‘एफआर’ म्हणजे पुढचे, ‘आरआर’ म्हणजे मागचे. ‘एलएच’ डावे आणि ‘आरएच’ उजवे. ‘पी/आउटलेट’ किंवा ‘सी/लायटर’ म्हणजे मोबाईल चार्जर लावण्याचे सॉकेट. ‘पी/डब्ल्यूडीडब्ल्यू’ म्हणजे विजेवर सरकणाऱ्या काचा. ‘बी/अप लॅम्प’ म्हणजे रिव्हर्स घेताना लागणारा दिवा. ‘एमडीपीएस’ हे विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगचे ह्युंदाई समूहातील नाव आणि ‘ए/बॅग’ हे अर्थातच एअरबॅगचे. नकाशात ज्याचा उल्लेख आहे, तो फ्यूज गाडीत असेलच असे नाही. एकच झाकण स्वस्त आणि महाग अशा दोन्ही आवृत्त्यांना बसवले जाते. रिकामी खाच दिसली म्हणून फ्यूज हरवला, असे समजण्याचे कारण नाही.

फ्यूज बोटांनी ओढण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. तो घट्ट बसलेला असतो आणि आजूबाजूला बोट शिरत नाही. त्यासाठी कंपनीने प्लास्टिकचा एक चिमुकला चिमटा दिलेला असतो. पण तो पुष्कळदा बॉनेटखालच्या पेटीच्या झाकणात अडकवलेला असतो, ही मेख लक्षात ठेवावी. चिमट्याने फ्यूज पकडून सरळ, न हलवता बाहेर ओढावा. स्क्रू ड्रायव्हर किंवा धातूची पक्कड आत घालू नये. ती शेजारच्या दोन पात्यांना एकाच वेळी टेकली, तर एका उडालेल्या फ्यूजचे दोन होतात.

काढलेला फ्यूज उजेडात धरला की आतली पट्टी दिसते. ती अखंड असेल तर फ्यूज शाबूत आहे आणि बिघाड अन्यत्र शोधायला हवा. मधोमध तुटलेली असेल किंवा प्लास्टिक काळवंडलेले असेल, तर तो उडालेला आहे. काही वेळा भेग इतकी सूक्ष्म असते की डोळ्यांना दिसत नाही. फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन ठिपके उघडे ठेवलेले असतात, ते त्यासाठीच. वायरमनकडचा मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प तेथे टेकवला की फ्यूज न काढताही निदान होते.

रंग, आकार आणि नाण्याएवढी चूक

नवा फ्यूज बसवताना आकडा तोच हवा, याला अपवाद नाही. आकडा वाचता आला नाही, तर रंग मदतीला येतो : ५ अँपिअर बदामी, साडेसात तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ रंगहीन आणि ३० हिरवा. ही रंगसंगती मारुतीपासून मर्सिडीजपर्यंत सारखीच असते. आकार मात्र वेगवेगळे असतात. जुन्या गाड्यांतील नेहमीचा पात्याचा फ्यूज सुमारे १९ मिलिमीटर रुंद असतो, तर ‘मिनी’ सुमारे ११ मिलिमीटर. नव्या गाड्यांत त्याहूनही बुटके आणि अरुंद प्रकार आले आहेत. म्हणून दुकानात ‘१५चा फ्यूज द्या’ एवढे सांगून भागत नाही. जुना फ्यूज सोबत न्यावा.

घाटात, राखीव फ्यूज नसताना काय करावे? माहितीपुस्तिकांतच याचे उत्तर असते. ज्याविना गाडी चालवता येते अशा मंडळातला, त्याच आकड्याचा आणि आकाराचा फ्यूज तात्पुरता उसना घ्यावा. मोबाईल चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज या कामी सर्वांत सोयीचा. वायपरला २० किंवा २५ अँपिअरचा लागत असेल आणि सॉकेटचा १५चा असेल, तर मात्र तो उपयोगाचा नाही; मग काचा सरकवणाऱ्या मंडळांपैकी एखादा जुळतो का, ते नकाशात पाहावे. लहान आकड्याचा फ्यूज बसवला तर तो लगेच उडेल, इतकेच. मोठ्या आकड्याचा बसवला, तर तो उडणार नाही, आणि खरा धोका तोच आहे.

हा धोका अंकांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. समजा, एका तारेवर १० अँपिअरचा लाल फ्यूज आहे आणि तो वारंवार उडतो, म्हणून कोणी ३०चा हिरवा बसवला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. हिरवा फ्यूज ३० अँपिअरला स्वस्थ बसून राहतो, कारण ती त्याची मर्यादाच आहे. नऊपट उष्णता सोसायची वेळ तारेवर येते. कमकुवत दुवा आता फ्यूज उरत नाही, तार स्वतःच तो दुवा बनते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे, सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे किंवा नाणे अडकवणे हे प्रकार याहून भयंकर; त्यांना मर्यादाच नाही. घरातल्या किटकॅटमध्ये जाड तार बांधण्याची जी खोड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली, तिचा हा मोटारीतला वारसा आहे. आग लागल्यानंतर पंचनाम्यात ‘शॉर्ट सर्किट’ असा शब्द येतो. शॉर्ट सर्किट होऊनही फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सर्वाधिक वेळा उडतो तो सॉकेटचा फ्यूज, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. सॉकेटवर बहुधा ‘१२ व्होल्ट, १२० वॅट’ असे छापलेले असते, म्हणजे १० अँपिअर. टायरमध्ये हवा भरणारा १८० वॅटचा पंप त्यावर लावला, की प्रवाह १५ अँपिअरवर जातो. मोबाईल चार्जरवर वर्षानुवर्षे न कुरकुरलेला फ्यूज एका टायरच्या हवेत जातो. बिघाड ना पंपात असतो, ना गाडीत. जास्त शक्तीचे पंप थेट बॅटरीला जोडण्यासाठी चिमटे देतात, ते याचसाठी.

पावसाळा, उंदीर आणि बंद गॅरेजे

एकदा उडालेला फ्यूज बदलावा आणि पुढे निघावे. तो पुन्हा लगेच उडाला, तर तिसरा बसवू नये. मंडळात कुठेतरी दोष आहे, असे फ्यूज सांगत असतो. गोव्यासारख्या दमट प्रदेशात या दोषाची काही ठरलेली ठिकाणे आहेत. आंबा-फणसाखाली उभ्या केलेल्या गाडीत पाने समोरच्या काचेखालच्या जाळीत साचतात, पाण्याच्या वाटा बुजतात आणि पाणी डॅशबोर्डच्या आत झिरपते. सनरूफ असलेल्या गाड्यांत त्याच्या कोपऱ्यांतील नळ्या तुंबल्या, तरी हेच घडते. फ्यूज काढल्यावर पात्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली, तर ओलावा पेटीपर्यंत पोहोचला, असे समजावे. ती भुकटी खरवडून काम चालवण्यापेक्षा पाण्याची वाट शोधणे अगत्याचे आहे. पायाखालचा गालिचा ओला असेल, तर निदान जवळजवळ पक्के.

दुसरा अपराधी उंदीर. पावसाळ्यात कोरडी, उबदार जागा म्हणून तो बॉनेटखाली आणि तेथून आत शिरतो. कुरतडलेल्या तारा एकमेकींना किंवा पत्र्याला टेकल्या की फ्यूज उडतो, आणि तो कितीदाही बदलला तरी उपयोग होत नाही. वायपरच्या बाबतीत मात्र आधी काचेवर नजर टाकावी. पानांचा ओला चिखल किंवा तुटलेली फांदी पात्यांत अडकली असेल, तर मोटर अडून बसते, प्रवाह वाढतो आणि फ्यूज जातो. अडथळा तसाच ठेवून फ्यूज बदलला, तर नवाही त्याच वाटेने जाईल.

बाहेरून बसवलेली उपकरणे हे तिसरे कारण. जादा दिवे, मोठा आवाज करणारा हॉर्न, डॅशकॅम, म्युझिक सिस्टीम हे सारे पुष्कळदा मूळ तार कापून, तिला चिकटपट्टीने जोड देऊन बसवले जाते. फ्यूजच्या आधीच्या बाजूस जोड दिला, तर त्या उपकरणाच्या तारेला कोणतेच संरक्षण उरत नाही. नव्या गाडीत असे काही बसवायचे असेल, तर काम करणाऱ्याला ‘याचा फ्यूज कुठे आहे?’ असे विचारावे. त्याच्याकडे बोट दाखवायला जागा नसेल, तर काम तिथेच थांबवावे.

काही गोष्टींना वाहनधारकाने हात लावू नये. एअरबॅगचे फ्यूज आणि पिवळ्या आवरणातील तारा, बॉनेटखाली बोल्टने आवळलेले मोठे मुख्य फ्यूज, एबीएस आणि स्टिअरिंग यांची मंडळे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतही दिवे, वायपर, काचा यांसाठी १२ व्होल्टची वेगळी बॅटरी आणि नेहमीसारखाच फ्यूज बॉक्स असतो. तेथील फ्यूज इतर गाड्यांप्रमाणेच बदलता येतो. मात्र नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की हात मागे घ्यावा. त्या केबलमधून वाहणारे व्होल्टेज शेकड्यांत असते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या कोणत्याही गाडीचा फ्यूज बदलून ती सुरू करून पाहणे, हा तर शुद्ध वेडेपणा.

ह्युंदाई आणि किया यांच्या अनेक गाड्यांत आतल्या पेटीवर एक छोटा ‘फ्यूज स्विच’ असतो. जहाजावर किंवा आखातात नोकरीला असलेल्या गोमंतकीयांच्या गाड्या महिनोन्‌महिने दारात उभ्या असतात; तेवढ्या काळात बॅटरी उतरू नये म्हणून हा स्विच बंद करून ठेवण्याची सोय आहे. परत आल्यावर तो पुन्हा सुरू करायचे विसरले, की रिमोट नीट चालत नाही, घड्याळ आणि रेडिओ नव्याने लावावे लागतात आणि समोरच्या पडद्यावर स्विच चालू करण्याची सूचना झळकते. गाडी बिघडली, अशा समजुतीने शोरूमला फोन लावण्याआधी खाली वाकून तेवढे पाहिलेले पुरते.

चवथीच्या दिवसांत सारे कुटुंब गावच्या घरी जाते, तेव्हा वाटेवरची गॅरेजे आणि स्पेअर पार्टची दुकाने बंद असतात. पाऊसही बहुधा असतोच. वेगवेगळ्या आकड्यांच्या दोन-दोन फ्यूजचा संच त्याआधीच घेऊन ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवता येतो. सुटा फ्यूज तर एका प्लेट भाजी-पावाहूनही स्वस्त पडतो. संच घेण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचे झाकण एकदा उघडावे, नकाशाचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे, चिमटा कुठे आहे ते पाहावे आणि झाकण पुन्हा बसवताना आधी खालचे दात खाचेत घालून मग वरची कड दाबावी. उलट क्रमाने केले, तर ते बसत नाही.